स्कर्टिंगच्या पट्ट्या भिंतीला लावण्याआधी

भिंतीच्या तळाशी फरशीलगत लाकडी किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) स्कर्टिंग लावायची असेल तर खरेदीच्या यादीत सगळ्यात वर प्रायमर लिहा. दर्शनी बाजूसाठी नव्हे, ती नंतरही रंगवता येते. प्रायमर हवा तो पाठीला, खालच्या कडेला आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला. फरशी पुसताना पाणी नेमकं खालच्या कडेला लागतं. एमडीएफची उघडी कड ते पिते, फुगते, आणि वाळल्यावरही पहिल्यासारखी होत नाही. पट्टी एकदा भिंतीला बसली की तिथे ब्रश जात नाही. दुकानातून प्रायमर मारून आलेली पट्टीसुद्धा उलटून बघा, पाठ कोरी असू शकते.

टेप, पेन्सिल, लेव्हल, गॉगल हे सांगायला नको. मास्क मात्र विसरू नका; एमडीएफची धूळ फार बारीक असते, कापाकापी शक्यतो घराबाहेर करा.

प्रत्येक भिंतीचं माप वेगळं लिहा, दारांची रुंदी वजा करा आणि बेरजेवर 10 टक्के जादा घ्या. कोपरे पुष्कळ असतील तर 15. पण नुसत्या बेरजेवर विसंबू नका. कोणत्या पट्टीतून कोणती भिंत निघते ते कागदावर मांडा, नाहीतर लांब भिंतीच्या ऐन मधोमध सांधा येतो. सांधा टळत नसेल तर दोन्ही टोकं 45 अंशांत तिरकी कापून एकावर एक बसवा. सरळ भिडवलेली टोकं लाकूड आकसलं की उघडी पडतात. पट्ट्या कापण्याआधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवा. गिलावा नवा असेल तर तो पुरता सुकेपर्यंत कामाला हातच लावू नका.

दाराभोवतीच्या पट्ट्या आधी, स्कर्टिंग नंतर. स्कर्टिंग येऊन त्यांना भिडते, त्यामुळे क्रम उलटा झाला तर लावलेली स्कर्टिंग पुन्हा कापावी लागते.

कोपरा काटकोनातच असेल असं धरून चालू नका. बाहेरच्या कोपऱ्याला कोनमापक लावा आणि काप आधी टाकाऊ तुकड्यांवर जुळवून बघा. आतल्या कोपऱ्यात दोन तिरके काप भिडवू नका, पुढेमागे फट पडतेच. एक पट्टी सरळ कापून कोपऱ्यात टेकवा. दुसरीला 45 अंशांचा काप द्या, मग त्या कापावर दिसणाऱ्या नक्षीच्या रेषेवरून कोपिंग सॉ (वळणावर कापणारी बारीक पात्याची हातकरवत) किंचित मागे झुकवून चालवा. ते टोक पहिल्या पट्टीच्या उंचसखलावर चपखल बसतं. आणि त्या ताज्या टोकाला प्रायमर! एमडीएफचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी ओढतं. करवतीशेजारीच डबा उघडा ठेवा आणि काप झाला की लगेच ब्रश फिरवा. ‘सगळं कापून झाल्यावर एकदम मारू’ म्हटलं की राहतं.

भोक पाडण्याआधी वायर आणि पाइप कुठून गेलेत ते डिटेक्टरने तपासा, विशेषतः सॉकेटच्या सरळ खाली आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत. विटांच्या भिंतीत 6 मिलिमीटरचं भोक, गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) आणि स्क्रू, दर 50-60 सेंटिमीटरवर. लाकडी सांगाड्यावर बोर्ड ठोकलेली भिंत असेल तर आतले उभे आधार शोधून त्यांतच 50 मिलिमीटरचे खिळे मारा. नुसत्या बोर्डात खिळा धरत नाही. लॅमिनेटची तरंगती फरशी (खाली न चिकटवता नुसती अंथरलेली) असेल तर स्क्रू किंवा खिळा भिंतीतच जायला हवा. फरशी अडकली तर तिला फुगायला जागा राहत नाही आणि ती मधून उचलली जाते. फरशी उंचसखल असेल तर पट्टीच्या खालच्या कडेवर तिची रेषा उतरवून तेवढं तासा. तासलेली कड पुन्हा कोरी झाली, तिला पुन्हा प्रायमर.

मग भोकांत पुट्टी, ती वाळली की 180 नंबरचा पॉलिश पेपर. वरच्या कडेला ॲक्रिलिक सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. सुकलं की रंगाचे दोन हात.