बॉब मार्ली झाला, क्लॅश झाले, आता पुढचे कसे शोधायचे?

माझा मावसभाऊ परवा म्हणाला, दादा मला रेगे आवडतं रे पण ॲप उघडलं की फिरून फिरून बॉब मार्लीच लागतो, आणि पंक म्हटलं की तीच चार नावं. बरोबरच आहे त्याचं. (रेगे म्हणजे जमैकाचं संगीत, पंक म्हणजे धडाधड वाजणारं बंडखोर रॉक.) ॲपला काय, जे जास्त लोक ऐकतात तेच ते तुमच्या पुढ्यात वाढतं, आणि तुम्ही ते ऐकलं की परत तेच. कमी ऐकलेली माणसं शोधायची तर गाण्यालाच विचारावं लागतं, म्हणजे लिहिलं कोणी, वाजवलं कोणी, रेकॉर्ड कुठे झालं, लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी कोणती. आपल्याकडे नवा गवई ऐकला की जुनी माणसं आधी विचारायची ना, गुरू कोण, घराणं कुठलं? तेच करायचं, फक्त जमैकातलं किंग्स्टन आणि लंडन यांच्या बाबतीत.

उदाहरणच घेऊ. क्लॅश या लंडनच्या पंक बँडचा १९७७ चा पहिला अल्बम लावा. सगळी गाणी धडाधड दोन-तीन मिनिटांत संपतात आणि मधेच एक सहा मिनिटांचं गाणं येतं, 'पोलीस अँड थीव्हज', त्याची चालच वेगळी. आता याचे क्रेडिट्स बघा. स्पॉटिफायवर गाण्याच्या शेजारी तीन टिंबं असतात तिथे मिळतात पण बऱ्याचदा अर्धवटच असतात, त्यापेक्षा डिस्कॉग्ज नावाची साइट उघडा, तिथे लोकांनी कव्हरवरची बारीक अक्षरं सुद्धा बसून उतरवून ठेवलीयत, फुकटात. तर लिहिणारे निघतात ज्युनियर मर्विन आणि ली पेरी. म्हणजे गाणं मुळात जमैकाचं, १९७६ चं. मर्विनचं मूळ गाणं ऐका, तो आवाज इतका बारीक आणि वरचा की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं बाई गातेय.

आता मर्विनच्या नावावर क्लिक करू नका, पेरीच्या करा. ही खरी युक्ती. पेरी प्रोड्युसर, म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणणारा. गाणारा माणूस एक असतो पण प्रोड्युसर, ड्रमर, बेसवाला हे लोक पन्नास जणांसाठी वाजवतात, म्हणून त्यांच्यामागे गेलं की पन्नास दारं उघडतात. पेरीने किंग्स्टनमधे घराच्या मागच्या अंगणात ब्लॅक आर्क नावाचा स्टुडिओ बांधला होता, चार ट्रॅकची मशीन, बस. त्यातून काय काय बाहेर पडलंय! काँगोज या रेगे गटाचा १९७७ चा 'हार्ट ऑफ द काँगोज' तिथलाच, जो तेव्हा धड कोणापर्यंत पोचलाच नाही आणि नव्वदच्या दशकात मँचेस्टरच्या ब्लड अँड फायर या लेबलने परत काढला तेव्हा कुठे लोकांना कळलं की अरे हे काय होतं. मग ब्लड अँड फायरचं पान उघडा, त्यांनी काढलेलं जवळपास सगळंच असं विसरलेलं आहे. एक रविवार गेला समजा.

रेगेत अजून एक सोय आहे जी बाकी कुठे एवढी नाही, ती म्हणजे रिडिम. भजनी मंडळात कसं सिनेमातल्या गाण्याची चाल घेतात आणि शब्द विठ्ठलाचे घालतात, इथे उलटं, मागचं वाजवणं तेच ठेवायचं आणि त्यावर प्रत्येक गाणारा आपली चाल आणि आपले शब्द घालतो. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमधल्या साउंड डायमेन्शन या बँडचं 'रिअल रॉक' घ्या, त्याच्यावर विली विल्यम्सने 'आर्मागिडिअन टाइम' गायलं, ते परत क्लॅशनेच १९७९ मधे 'लंडन कॉलिंग'च्या सिंगलच्या (एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला वाजवलं. किंवा १९८५ चा 'स्लेंग टेंग', त्याचा बेस म्हणजे कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डमधला तयार रिदम, कॅसिओत काम करणाऱ्या हिरोको ओकुडा बाईंनी बनवलेला, वेन स्मिथ त्यावर गायला आणि मग जो तो गायला. यूट्यूबवर रिडिमचं नाव टाकून पुढे 'रिडिम' लिहून सर्च मारा, एका बैठकीत वीस नवे आवाज. त्यातले पंधरा सोडून द्याल, पाच राहतील. पाच पुरे.

पंकवाल्यांना हे सगळं कशाला असं वाटत असेल तर १९७७ च्या सुरुवातीला लंडनच्या रॉक्सी क्लबमधे डॉन लेट्स डीजे होता, पंकच्या रेकॉर्ड्स तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो रेगे वाजवायचा आणि सगळी पंक पोरं तेच ऐकत वाढली. त्यामुळे दोन्हीकडून रस्ता आहे. स्लिट्स या पंक बँडचा १९७९ चा 'कट' प्रोड्यूस करणारा डेनिस बोव्हेल, त्याचा स्वतःचा बँड माटुंबी (माटुंगा नाही!), लिंटन क्वेसी जॉन्सनच्या कवितांमागे संगीत त्याचंच, पॉप ग्रुपसारख्या डोकं फिरवणाऱ्या बँडचा पहिला अल्बमही त्याच्याकडेच. एक नाव, तीन दिशा.

आणि साउथहॉल माहितीये ना, लंडनचं, आपल्या पंजाबी लोकांचं? तिथलाच मिस्टी इन रूट्स हा रेगे बँड. त्यांच्या पीपल युनाइट लेबलवर रट्स या पंक बँडचं पहिलं सिंगल निघालं. एलियन कल्चर म्हणून एक बँड होता, त्यातली तीन पोरं पाकिस्तानी घरांतली, थॅचरबाईंच्या एका वक्तव्याला टोला म्हणून हे नाव घेतलेलं. मला हा बँड इतक्या उशिरा सापडला याचा अजून राग येतो.

आल्टर्नेटिव्ह रॉकसाठी, म्हणजे पंकनंतरच्या वेगळ्या वाटेच्या बँडसाठी, सोपा रस्ता म्हणजे मोठ्यांनी कोणाची गाणी वाजवली ते बघणं. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने आवडत्या पन्नास अल्बमची यादी हाताने लिहून ठेवलेली, ती नेटवर सहज मिळते, आणि निर्वाणाने एमटीव्ही अनप्लग्ड या कार्यक्रमात मीट पपेट्स या बँडची तीन गाणी वाजवली तीही त्यांना सोबत बसवून. रेनकोट्स, व्हॅसलिन्स, वायपर्स, सगळे तिथूनच मिळतील. शिवाय एका गावाला धरून बसलेली लेबलं असतात, वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड फक्त तिथल्याच बँडचं काढतं, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधे १९८१ ला सुरू झालेलं फ्लाइंग नन (क्लीन आणि चिल्स आधी ऐका). लेबल आवडलं की पुढचं नाव डोळे झाकून लावायचं.

आत्ता चालू असलेले बँड हवे असतील तर बँडकॅम्प, जिथे बँड आपली गाणी थेट विकतात ती साइट. तिथे टॅगमधे प्रकार आणि शहर दोन्ही टाकता येतं. त्याहून भारी म्हणजे अल्बमच्या खाली विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो दिसतात, कोणाच्याही फोटोवर क्लिक करा, त्याचं सगळं कलेक्शन उघडतं. तुमच्या आवडीचा विचित्र अल्बम ज्याने पैसे देऊन घेतलाय त्याची बाकीची आवड तुमच्याशी जुळायचीच. मी असं एका अनोळखी माणसाचं अर्धं कलेक्शन ऐकलंय.

एक सावधगिरी. जुन्या रेगेच्या स्वस्त 'बेस्ट ऑफ' सीड्या आणि प्लेलिस्ट जपून घ्या, मी कॉलेजात असताना फूटपाथवरून एक घेतली, घरी लावली तर त्याच गायकाने म्हातारपणी परत गायलेली गाणी, मागे टिनपाट कीबोर्ड. वर्ष आणि मूळ लेबल लिहिलेलं नसेल तर सोडा.

आणि आपल्याकडेही लोक आहेत की. दिल्लीचे स्का व्हेंजर्स आणि रेगे राजाज, मुंबईचे बॉम्बे बासमेंट, पंकमधे रायट पेडलर्स, आणि गोव्यात २०१६ पासून सुरू झालेला गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव. गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, गेलात तर मुख्य बँडसाठी दहाला जाऊ नका, आठला जा, आधी जे वाजवतात तेच तर तुम्ही शोधताय. वाजवून झालं की त्यांचा ड्रमर स्वतःच सामान आवरत असतो, त्याला एक हात द्या आणि विचारा, सध्या काय ऐकतोयस? जी दोन-तीन नावं सांगेल ती फोनमधे टाइप करून घ्या, स्पेलिंग विचारून.