‘फुलराणी’तलं लग्न मुलांना कसं उलगडून दाखवावं

बालकवींची ‘फुलराणी’, म्हणजे फूल आणि सूर्यकिरण यांच्या लग्नाची कविता, शिकवायला घेतलीत की ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य आधी बाद करा. ते कुठल्याही कवितेला चिकटतं.

कविता दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ विचारू नका. मग क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा मारायला सांगा: खेळत होती, हासत आला, लाजलाजली, वाजविती. प्रत्येकापाशी एकच प्रश्न: हे माणसाचं काम आहे का? उत्तर ‘हो’ आलं आणि कर्ता फूल, वारा किंवा झरा निघाला, की ती चेतनगुणोक्ती, म्हणजे माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवणारा अलंकार. ‘हिरवे हिरवेगार गालिचे’ या चाळणीत टिकत नाही. गवताला गालिचा म्हटलंय, पण तो काही करत नाही, ते रूपक. गुण हमखास इथे जातात. ‘फूल तर जिवंतच असतं ना?’ असं एखादं मूल विचारतंच, आणि त्याचं बरोबर असतं. चेतनगुणोक्ती म्हणजे ‘निर्जीव वस्तू सजीव मानणं’ ही पाठ केलेली व्याख्या इथे तोकडी पडते. फूल जिवंत असलं तरी लाजत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

आता वहीत तीन रकाने आखा: कोण, माणसासारखं काय करतो, प्रत्यक्षात काय दिसतं-ऐकू येतं. उदाहरणार्थ निर्झर, पखवाज वाजवतो, दगडांवर आदळणाऱ्या पाण्याचा घुमता आवाज. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात. खरं रसग्रहण त्यातच असतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो या ओळींना:

दवमय हा अंत:पट फिटला
भेटे रविकर फुलराणीला

अंत:पट म्हणजे लग्नातला अंतरपाट. तो ठाऊक नसेल तर दोन मुलांमध्ये उपरणं धरून दाखवा. आधीच्या ओळीतलं ‘सावध’ म्हणजे भटजींचं ‘सावधान’, हे मग आपोआप कळतं. रविकर म्हणजे सूर्य नव्हे, सूर्याचा किरण. ‘कर’ म्हणजे हातही. आता विचारा, दव कशाने वाळतं? उन्हाने. म्हणजे हा अंतरपाट भटजी काढत नाहीत, नवरदेवाच्या, म्हणजे रविकराच्या, स्पर्शानेच तो विरतो.

फुलराणी ‘आईच्या मांडीवर’ बसते, ती आई कोण, हे कवितेत सांगितलेलं नाही. कुणी वेल म्हणेल, कुणी जमीन. कारण दिलं असेल तर दोन्हींना पूर्ण गुण द्या.