मागची चाकं सरकायची, त्याचा इलाज

जुन्या ट्रकच्या दोन ॲक्सलवर मोठे टायर चढवून बांधलेला आमचा मॉन्स्टर ट्रक वावरात झकास चालायचा. फक्त मागचं हायड्रॉलिक स्टिअरिंग ऐकत नव्हतं. समोर सरळ धरलं तरी मागची चाकं हळूहळू सरकायची अन् गाडी पऱ्हाटीच्या धुऱ्यानं खेकड्यासारखी तिरपी निघायची. शेजारचे काका म्हणाले, "काऊन रे बावा, ट्रकले पाजली का?"

आधी सिलिंडरचे सील बदलले. पैसे पाण्यात. मग रॉडवर खडूनं खूण केली तेव्हा कळलं, तेल सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेवर तेलाची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्पूलमधून, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याच्या फटीतून, झिरपतंय. स्पूल नवा असला तरी थोडं तेल सोडतोच. म्हणून सिलिंडरला लागूनच डबल पायलट चेक व्हॉल्व्ह बसवला; तो सिलिंडरच्या दोन्हीकडचं तेल अडवून धरतो अन् पायलट लाइनीतून दाब आला तरच ते परत सोडतो.

तरी तेच! दोन दिवस डोकं खाजवलं. स्पूल मधोमध आला की सगळे पोर्ट (तेलाची तोंडं) बंद करत होता, त्यामुळे पायलट लाइनीत दाब कोंडून राहायचा अन् चेक पुरता मिटायचा नाही. मधल्या स्थितीत दोन्ही लाइनी टाकीला मोकळ्या करणारा स्पूल टाकला. खडूची खूण रात्रभर जागची हलली नाही.

एका बाजूला चाकं झटकन वळायची, ते मात्र गणितच होतं. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ५० मिमी, रॉड २५ मिमी. रॉडकडचं क्षेत्रफळ पाऊणच भरतं, म्हणून तेवढ्याच तेलात तिकडून रॉड लवकर सरकतो. त्या बाजूला फ्लो कंट्रोल (तेलाचा प्रवाह कमी करणारा व्हॉल्व्ह) लावून थोडा आवळला. दोन्हीकडून रॉड निघणारा सिलिंडर घेतला असता तर ही भानगडच नव्हती, पण खिसा पाहूनच काम करावं लागते.