सोनी ए६०००: कॅमेऱ्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

सोनीचा ए६००० जाहीर झाला फेब्रुवारी २०१४ मध्ये. इतक्या वर्षांनीही सेकंडहँड बाजारात त्याला गिऱ्हाईक असतं आणि कित्येकांचा पहिला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा हाच असतो. कारणं उघड आहेत. बॅटरी आणि कार्ड घालून बॉडीचं वजन ३४४ ग्रॅम. आत २४.३ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, म्हणजे बऱ्याच जाडजूड डीएसएलआरमध्ये असतो त्याच मापाचा. सेकंदाला ११ फोटो, आणि झटपट फोकस साधणारे १७९ फेज डिटेक्शन पॉइंट जवळजवळ सगळ्या फ्रेमभर पसरलेले. वापरणारे खूश असतात ते या वेगावर आणि आकारावर.

आणि तेच लोक दोन महिन्यांनी कुरकुरायला लागतात. फोटो हललेले येतात, स्क्रीन अचानक काळी होते, बॅटरी टिकत नाही, लेन्स अडकते. यातल्या काही तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत आणि त्यांना इलाज नाही. पण बऱ्याचशा कारखान्यातून आलेल्या सेटिंगमुळे किंवा हाताळणीमुळे होतात. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस चांगला कॅमेरा विकून मोकळा होतो आणि नव्या कॅमेऱ्यातही त्याच चुका करतो.

घरातले फोटो हललेले येतात

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सला दिला जातो. लेन्स काही फार धारदार नाही हे मान्य. पण खरा गुन्हेगार वेगळाच आहे. डायल ए वर, म्हणजे ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्स किती उघडायची ते आपण ठरवतो), आणि आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील) ऑटोवर ठेवला की हा कॅमेरा उजेड कमी झाल्यावर शटर १/६० सेकंदावर आणून ठेवतो आणि मग आयएसओ वाढवत जातो. किमान शटर स्पीड आपण ठरवून द्यायची सोय सोनीने पुढच्या मॉडेलांमध्ये दिली, यात ती नाही. १/६० ला स्थिर बसलेली आजी नीट येते. वाढदिवसाला धावणारा नातू येत नाही.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो. लेन्सवर ओएसएस लिहिलंय, म्हणजे फोटो हलणार नाही असं लोक धरून चालतात. ओएसएस तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. त्यामुळे माणसांचे फोटो काढताना डायल सरळ एस वर (इथे शटर आपण ठरवतो) न्या आणि शटर १/२०० किंवा १/२५० ठेवा. लेझीम किंवा क्रिकेट असेल तर १/५०० च्या खाली उतरू नका. याहून बरा मार्ग म्हणजे एम मोड आणि आयएसओ ऑटो: शटर तुम्ही ठरवा, ॲपर्चर तुम्ही ठरवा, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा. हे या कॅमेऱ्यात चालतं, पण एम म्हटलं की सगळं हातानेच करायचं अशी समजूत असल्याने फार थोडे लोक वापरतात.

‘पण दाणे येतात ना?’ येतात. ३२०० आयएसओचा थोडा दाणेदार पण स्पष्ट फोटो आणि ८०० आयएसओचा गुळगुळीत पण हललेला फोटो, यातला कुठला ठेवायचा हे मला विचारायचीही गरज वाटत नाही. दाण्यांच्या भीतीने ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ८०० वर बांधून ठेवणारे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. जेपेग काढत असाल तर हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’ वर आणा. कारखान्याच्या सेटिंगला दाण्यांबरोबर चेहऱ्यावरचे बारकावेही पुसले जातात आणि माणसं मेणाची दिसतात.

बॉडीमध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, हे लेन्स विकत घेतानाही लक्षात ठेवायला हवं. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ ही लाडकी लेन्स, पण तिच्यात ओएसएस नाही. सोनीच्या ५० मिमी एफ/१.८ नावाच्या तर दोन वेगळ्या लेन्स आहेत: एक ई, तिच्यात ओएसएस आहे, दुसरी एफई, फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी, तिच्यात नाही आणि तिचा फोकसही रेंगाळतो. स्वस्त मिळाली म्हणून एफई उचलणारे मग कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

फोकस नाकाऐवजी मागच्या भिंतीवर

ज्या फोकसवर हा कॅमेरा विकला गेला, त्याच फोकसची तक्रार करणारेही आहेत. त्यांचा कॅमेरा पाहिला तर फोकस मोड एएफ-ए वर आणि फोकस एरिया ‘वाइड’ वर असतो. म्हणजे कशावर फोकस करायचा आणि समोरचं हलतंय की थांबलंय, दोन्ही निर्णय कॅमेऱ्याच्या गळ्यात. गर्दीत तो चुकणारच. थांबलेल्या गोष्टींसाठी एएफ-एस (एकदा फोकस करून थांबतो) आणि फ्लेक्झिबल स्पॉट (फोकसचा चौकोन आपण ठेवतो), हलणाऱ्यांसाठी एएफ-सी (सतत फोकस करत राहतो), एवढं ठरवलं तरी फरक पडतो.

डोळ्यावर फोकस धरणारा आय एएफ यात आहे, पण तो आपोआप चालत नाही. त्यासाठी एक बटण नेमून द्यावं लागतं, फोटो काढताना ते दाबून धरावं लागतं, आणि तो फक्त एएफ-एस मध्ये काम करतो. व्हिडिओंत बघून बरेच जण तो मधल्या बटणावर नेमतात आणि मग फोकसचा चौकोन हलवायला गेलं की पंचाईत होते, कारण फ्लेक्झिबल स्पॉट हलवायचं काम मूळचं त्याच बटणाचं. मधलं बटण ‘स्टँडर्ड’ वरच राहू द्या आणि आय एएफ अंगठ्याखालच्या एईएल बटणावर टाका. सवय व्हायला एखादी संध्याकाळ लागेल.

स्क्रीन काळी पडली म्हणजे बिघडली नव्हे

सर्व्हिस सेंटरची वाट धरण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, व्ह्यूफाइंडरशेजारचा, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीशेजारचा, डोळा ओळखणारा सेन्सर. कॅमेरा पोटाशी धरून, स्क्रीन वर उचलून फोटो काढायला गेलात की शर्टालाच तो डोळा समजतो, आणि चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पळतं. फाइंडर/मॉनिटर या सेटिंगमध्ये ऑटोऐवजी मॉनिटर निवडा. हीच अदलाबदल एखाद्या बटणावर नेमून ठेवली तर मेनूत शिरावं लागत नाही. डोळा ओळखणाऱ्या या सेन्सरवर धूळ किंवा बोटाचा चिकट ठसा असला तरी हाच प्रकार होतो, तेव्हा मऊ कापडाने पुसून बघा.

दुसरी गोष्ट स्टुडिओतली. फ्लॅश पेटवणारा ट्रिगर लावला, एम मोडमध्ये १/१६० आणि एफ/८ ठेवलं, आणि स्क्रीनवर अंधार. फ्लॅश पडायच्या आधी खोलीत जेवढा उजेड आहे तेवढाच कॅमेरा इमानेइतबारे दाखवतोय. लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले ‘सेटिंग इफेक्ट ऑफ’ करा. काम संपल्यावर आठवणीने परत ऑन करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी उन्हात एक्स्पोजर कळणार नाही.

तिसरी, कॅमेरा नुसता झोपलेला असणं. शटर अर्धं दाबलं की उठतो.

याच जातीची आणखी एक भानगड: जुनी मॅन्युअल लेन्स ॲडाप्टरने लावली की शटरच पडत नाही. ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. आणि कार्ड आत आहे ना, हे दरवेळी बघायची सवय आजच लावून घ्या. कार्ड लॅपटॉपला लावून विसरलात तर एकही फोटो साठवला जाणार नाही. लग्नाच्या मांडवात हे कळणं परवडणारं नाही.

बॅटरी

इथे तक्रार खरी आहे. एनपी-एफडब्ल्यू५० ही १०२० एमएएचची छोटी बॅटरी. कंपनीचाच आकडा व्ह्यूफाइंडर वापरून सुमारे ३१० फोटोंचा आणि स्क्रीन वापरून ३६० चा. सवय डीएसएलआरची असेल तर हे भिकारच वाटणार. एअरप्लेन मोड चालू ठेवणं, प्री-एएफ (बटण दाबण्याआधीच फोकस करत राहणं) बंद करणं आणि झोपेची वेळ एका मिनिटावर आणणं यांनी थोडी बचत होते, पण इलाज एकच: जादा बॅटरी. दोन घ्या.

घोळ चार्जिंगमध्येही असतो. डब्यात वेगळा चार्जर येत नाही, मायक्रो यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज करायचं, आणि तेही कॅमेरा बंद असतानाच. पॉवर बँक लावून वर चित्रीकरण चालू ठेवायचं म्हणाल तर जमत नाही. दिवा नारिंगी पेटला की चार्जिंग चालू, विझला की पूर्ण, लुकलुकत राहिला की काहीतरी गडबड. अशा वेळी बॅटरी काढून परत बसवा, केबल बदला. बाजारातल्या फार स्वस्त बॅटऱ्या फुगतात आणि कप्प्यात अडकून बसतात. अडकलेली बॅटरी चिमट्याने उपटू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

किट लेन्सचे हाल

१६-५० मिमीची पॉवर झूम लेन्स ११६ ग्रॅमची, बंद केल्यावर जेमतेम ३ सेंटीमीटर जाड. कॅमेरा खिशात मावतो तो तिच्यामुळे. पण ती मोटरवर चालते, आणि बिघडते तीही तिथेच. कॅमेरा बॅगेत असताना चुकून चालू झाला की लेन्स बाहेर यायला धडपडते आणि बॅगेच्या आतल्या बाजूवर आपटत राहते. किनाऱ्यावर वाळूचा कण नळीत शिरला की करकर आवाज येतो आणि पडद्यावर कॅमेरा एरर, बंद करून पुन्हा चालू करा, असा संदेश झळकतो. बाहेर आलेली लेन्स हाताने आत ढकलणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक.

आधी कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, मिनिटभराने परत घाला. मग ब्लोअरने नळीच्या कडेने हवा मारा. लेन्स ओळखता येत नाही असा संदेश असेल तर लेन्स काढून मागची सोनेरी टोकं कोरड्या, मऊ कापडाने पुसा. एवढ्यावर भागलं नाही तर आतली पट्टीसारखी केबल गेली असण्याचा संभव असतो. तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर सेकंडहँड लेन्सची किंमतही विचारून बघा.

धूळ, भंडारा आणि बुरशी

लेन्स काढली की मिररलेसमध्ये सेन्सर उघडा पडतो, वर आरसा नसतो. जेजुरीला भंडारा उधळत असताना किंवा विसर्जनाच्या गुलालात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला हळद लावणं. एकच लेन्स चढवून जा. बदलायचीच असेल तर आडोशाला, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदला. धूळ बसली का ते पाहायला एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर क्लीनिंग मोड आणि रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट.

पावसापासून बचावाची सीलिंग या बॉडीत नाही. वारी किंवा सह्याद्रीतला पावसाळा टिपायचा असेल तर पावसाळी कव्हर हवंच. कोकणात आणि मुंबईत त्याहून मोठा शत्रू बुरशी. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेली लेन्स दोन पावसाळ्यांत जाळं धरू शकते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक साधा हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, बॅगेतच थोडा वेळ गरम होऊ द्या.

फोनवर फोटो मऊ का दिसतात

कारण ॲप कदाचित २ मेगापिक्सेलची प्रत पाठवतंय. इमेजिंग एज मोबाइलच्या सेटिंगमध्ये कॉपी साइज ‘ओरिजिनल’ करा. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची, फाइल या वाटेने जात नाही, त्यासाठी कार्ड रीडरच.

ज्याला इलाज नाही

स्क्रीनला टच नाही. माइकचा जॅक नाही. आवाजविरहित शटर नाही, त्यामुळे मैफलीत कॅमेरा खटखटतो. व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच. क्षितिज सरळ आहे का सांगणारी लेव्हल नाही, जी आधीच्या नेक्स-६ मध्ये होती. आणि व्ह्यूफाइंडरही नेक्स-६ च्या २३.६ लाख ठिपक्यांवरून १४.४ लाखांवर उतरवलेला. ही काटकसर मला आजही खटकते. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर हा कॅमेरा घेऊच नका. याउलट छोटा फ्लॅश बोटाने मागे धरून छताकडे वळवता येतो, ही सोय कित्येकांना माहीतच नसते.

सेकंडहँड घेताना, विशेषतः परदेशातून कुणी आणत असेल तर, दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. जपानच्या बाजारासाठीच्या बॉडीत मेनू फक्त जपानी असतो, भाषा बदलता येत नाही. अमेरिकेतल्या बॉडीत पाल-एनटीएससी (व्हिडिओच्या ५० आणि ६० हर्ट्झच्या पद्धती) बदलायची सोय नसते; आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आणि दरवेळी तारीख विचारत असेल तर आतली छोटी बॅटरी उतरलेली असते. चार्ज केलेली बॅटरी घालून कॅमेरा २४ तास बंद ठेवा. त्यानंतरही तारीख विचारत राहिला तर भाव पाडून मागा.