भुताखेतांविषयीचे विश्वसनीय वाचन आणि संशोधन कसे शोधावे

भुते आहेत की नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मनाशी आधीच ठरवून शोध घेणाऱ्याला आपल्या मताला पुष्टी देणारे साहित्य हवे तेवढे सापडते, आणि अडचण तेथूनच सुरू होते. त्यापेक्षा प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचारावा: हा प्रसंग प्रथम कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे नोंदवला? ज्या पुस्तकातून वा लेखातून या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोहोचता येत नाही, ते रंजक असेल, पण अभ्यासासाठी बाजूला ठेवलेले बरे.

मूळ नोंदींचा सर्वांत मोठा साठा सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने निर्माण केला. १८८२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची नियतकालिके आजही या विषयाचा पाया मानली जातात. संस्थेने सुमारे १७,००० लोकांना, पूर्ण जागे असताना कोणतेही बाह्य कारण नसूनही काही दिसल्याचा, स्पर्श झाल्याचा किंवा आवाज ऐकू आल्याचा अनुभव आला होता का, असे विचारले आणि त्याचा अहवाल १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे दहा टक्के लोकांनी होकारार्थी उत्तर दिले होते. जुने खंड इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, संस्थेची कागदपत्रे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि ‘झपाटलेल्या’ घरांचा शोध घेणारे ब्रिटिश अन्वेषक हॅरी प्राइस यांचा ग्रंथसंग्रह लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात आहे.

अलीकडचे संशोधन मात्र बहुतांशी मानसशास्त्राच्या नियतकालिकांत विखुरलेले आहे, आणि ते शोधताना शब्द नेमके निवडावे लागतात. गूगल स्कॉलरवर नुसते ‘घोस्ट’ टाकल्यास भलतेच काही हाती लागते. ‘अपॅरिशन’ (दिसलेली आकृती), ‘सेन्स्ड प्रेझेन्स’ (जवळ कोणी असल्याचा भास), ‘स्लीप पॅरॅलिसिस’ (जाग येऊनही शरीर हलवता न येणे) आणि विशेषतः ‘अनॉमलिस्टिक सायकॉलॉजी’ (चमत्कारिक वाटणाऱ्या अनुभवांचे मानसशास्त्र) हे शब्द इंग्रजी लिपीत टाकून पाहावेत. चांगला निबंध सापडला की त्याच्या खालील ‘साइटेड बाय’ या, त्याचा संदर्भ देणाऱ्या पुढच्या निबंधांच्या दुव्यावर अवश्य जावे, कारण त्या निबंधाचे पुढे काय झाले हे तेथेच कळते.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. विक टँडी हे अभियंते एका प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि नजरेच्या कडेला एक करडी आकृती दिसली. तिकडे वळून पाहताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात पकडून ठेवलेल्या त्यांच्या तलवारबाजीच्या पात्याचे टोक आपोआप थरथरू लागले. शोध घेता नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी खोलीत निर्माण होत असल्याचे आढळले, आणि पंख्याची बैठक बदलताच तो थांबला. टँडी यांचा याविषयीचा निबंध १९९८ मध्ये सोसायटीच्याच नियतकालिकात आला, आणि तेव्हापासून ‘१९ हर्ट्झमुळे भुते दिसतात’ हे विधान सिद्ध झाल्याच्या थाटात सांगितले जाते. परंतु पुढे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी एक खोलीच तशी तयार केली, तीत असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्रे सोडण्याची सोय केली, आणि ७९ जणांना प्रत्येकी ५० मिनिटे तेथे वावरायला लावले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की अनेकांना चमत्कारिक अनुभव आले खरे, पण ध्वनी वा क्षेत्र चालू असण्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. सूचनेचा प्रभाव, म्हणजे काही जाणवेल अशी मनाची आधीच झालेली तयारी, हेच सर्वांत सरळ स्पष्टीकरण ठरले. भुतांचे खंडन करणारे लेखकही सांगोवांगीवर विसंबतात, ते असे.

प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव पाहूनही निर्धास्त होऊ नये. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये भविष्यातील घटनांची चाहूल लागते असे सुचवणारे नऊ प्रयोग सामाजिक मानसशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांतील एका प्रयोगाची तीन ठिकाणी केलेली पुनरावृत्ती फसल्याचा निबंध २०१२ मध्ये अन्यत्र प्रसिद्ध झाला. म्हणून प्रयोग स्वतंत्रपणे पुन्हा केला गेला का, आणि त्याची पद्धत आधी नोंदवून ठेवली होती का, हे पाहावे. एडिंबरा विद्यापीठातील कोस्टलर परामानसशास्त्र विभागाने अशी पूर्वनोंदणी २०१२ पासून सुरू केली.

पुस्तक निवडताना मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते: सूची उघडून फॉक्स भगिनींचा उल्लेख शोधावा. १८४८ मध्ये अमेरिकेतील त्यांच्या घरातील ठकठकीच्या आवाजांपासून आधुनिक प्रेतात्मवादाची, म्हणजे मृतांशी संवाद साधता येतो असे मानणारी, चळवळ सुरू झाली, १८८८ मध्ये त्यांच्यापैकी मार्गारेटने ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढल्याची जाहीर कबुली दिली, आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. ज्या लेखकाने केवळ आवाज सांगितले, किंवा केवळ कबुली सांगून मागे घेणे गाळले, तो इतर प्रकरणांतही सोयीचे तेवढेच सांगत असण्याचा संभव आहे.

तसेच कडक टीका नेहमी बाहेरूनच होते असे समजू नये. इंग्लंडमधील बोर्ली येथील ‘झपाटलेल्या’ घराविषयीच्या हॅरी प्राइस यांच्या दाव्यांची शहानिशा करणारा १९५६ चा अहवाल सोसायटीच्याच तीन सदस्यांनी लिहिला होता. सोसायटीचा साय एन्सायक्लोपीडिया हा मुक्त ज्ञानकोश या विषयाकडे सहानुभूतीने पाहतो, तर स्केप्टिकल इन्क्वायरर हे नियतकालिक संशयाने. एकाच प्रकरणावर दोन्हींकडचे लेख शेजारी ठेवून वाचावेत आणि कोणता तपशील कोणाकडे नाही, हे टिपावे. दूरचित्रवाणीवरील भूतशोधकांची मोजयंत्रे मात्र खुशाल वगळावीत. ती भिंतीतील विजेच्या तारांनाही प्रतिसाद देतात.

टिपण करताना घटनेची तारीख आणि पहिल्या लेखी नोंदीची तारीख शेजारीशेजारी लिहावी. सोसायटीचे आरंभीचे संशोधक याबाबत काटेकोर होते: दूरच्या आप्ताची आकृती दिसल्याचे कोणी सांगितले, तर मृत्यूची वार्ता येण्यापूर्वी त्याने ते कोणाला सांगितले होते का, किंवा लिहून ठेवले होते का, याची ते चौकशी करत. दोन तारखांमध्ये वर्षानुवर्षांचे अंतर असेल, तर साक्षीदार प्रामाणिक असूनही स्मृतीने मीठमसाला लावलेला असू शकतो, आणि अशा प्रसंगाची नोंद स्वतंत्र पानावर ठेवावी.