पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव: कारण कसं ओळखायचं

मेंदूतला रक्तस्राव अपुऱ्या दिवसांच्या बाळालाच होतो, असा समज आहे. पूर्ण दिवसांच्या बाळालाही तो होतो, कारणं मात्र वेगळी असतात. म्हणून आशाताईंनी आणि सिस्टरनी आधी बाळाचं वय बघावं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास सुरू झाला तर बाळंतपणाची चौकशी करा. कळा फार लांबल्या का, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावला का, बाळ उशिरा रडलं का? आईला फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या (फेनिटॉइन, रिफाम्पिसिन) चालू असतील तर बाळाला 24 तासांच्या आतही रक्तस्राव होऊ शकतो. अंगावर बारीक लाल ठिपके असतील तर प्लेटलेट कमी असण्याची शंका घ्या. मामाचं रक्त थांबत नसेल तर हिमोफिलियाची (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार).

दोन आठवडे ते सहा महिन्यांचं, अंगावर पिणारं बाळ अचानक सुस्त झालं तर रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के कमी असल्याचा संशय आधी घ्या. आईच्या दुधात ते फार थोडं असतं. त्यासाठी दूध तोडू नका. जन्मतःच 1 मिलिग्रॅम के-1चं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्या. वजन 1 किलोच्या आत असेल तर अर्धा मिलिग्रॅम. अँप्युल वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, मोठ्यांची 10 मिलिग्रॅमचीही असते. किती मिलीत किती मिलिग्रॅम ते वाचूनच औषध ओढा.

चूक बहुतेक नोंदीत होते. “सगळ्या सुया झाल्या” म्हणजे बीसीजी आणि काविळीची लस, के नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की कार्ड तिकडेच राहतं, फोटो मागवा. डोस राहिलेलं बाळ ठणठणीत असलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, उशिराही देता येतो. 14 दिवसांनंतरही कावीळ आणि पांढुरकी शी असेल तर डोस झालेल्या बाळालाही धोका आहे, कारण पित्त अडलं की व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जात नाही.

बेंबीतून, नाकातून किंवा सुईच्या जागेतून रक्त येणं, अंगावर निळे डाग पडणं ही आगाऊ सूचना असू शकते. टाळू फुगली, झटके आले, बाळ पांढरं पडलं तर तडक 108 किंवा 102. मेळघाटात डंबा (पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके) देण्यात तास जातात, ते थांबवा. झटके येत असताना तोंडात काही घालू नका, बाळ उबदार ठेवा. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत कवटीलगतचं रक्त नजरेतून सुटू शकतं. म्हणून संशय असेल तर सीटी स्कॅन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) होईल तिथेच पाठवा. चिठ्ठीवर के दिलं की नाही, हे ठळक लिहा.