चेन पुली लावताय? या चुका टाळा

“एक टनाचे दोन बेल्ट आहेत, दोन टन सहज उचलतील.” हा हिशोब ऐकला की मी काम थांबवतो. चेन पुली म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं साधन, आणि बेल्ट म्हणजे वजनाखालून घालून तिच्या हुकात अडकवायचे पट्टे. बेल्ट सरळ उभे असतील तरच तो हिशोब खरा. एक टन वजन दोन बेल्टवर उचललं, तर उभ्या बेल्टवर प्रत्येकी ५०० किलो येतात. जमिनीशी कोन ४५ अंश झाला की ७०७ आणि ३० अंश झाला की पुरते १००० किलो! वजन तेवढंच, ताण दुप्पट.

आमच्या शेडमध्ये दीड टनाचं लेथ मशीन (धातू कातायचं यंत्र) हलवायचं होतं. लांब बेल्ट आणायला गोडाऊनपर्यंत जायचं नव्या पोराच्या जिवावर आलं. बेल्ट तोकडे असले की कोन असाच आडवा होतो. तरी हाताशी होते ते तोकडे बेल्ट त्याने बेडखालून (मशीनच्या लांब पायाखालून) घातले, कडेला गोणपाटाचा तुकडासुद्धा नाही. मशीन वीतभर उचललं आणि बेडच्या धारेने हेडस्टॉककडचा, म्हणजे गिअर असलेल्या टोकाचा, बेल्ट चिरला. ती बाजू आदळली, लीड स्क्रू (लांब आटेदार दांडा) वाकला. दोन मिनिटांपूर्वी पोराचा पाय तिथेच होता. तो आवाज मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक कडेला जुन्या टायरचा तुकडा घालतो. हेडस्टॉककडे वजन जास्त असतं, म्हणून कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, सरकवून तोल साधतो. मग चार बोटं उचलून थांबायचं, बेल्ट पाहायचे, आणि मगच पुढे. घाई असणाऱ्याने दुसरं काम शोधावं.

दुसरी चूक तेलाची. लोड चेनला (वजन धरणाऱ्या साखळीला) तेल हवंच, पण पुलीतला ब्रेक घर्षणावर वजन धरतो. वरून डबा उपडा केला की तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत उतरतं आणि लटकतं वजन आपोआप खाली सरकू लागतं. तेलाचं फडकं चेनवरून फिरवा, बस्स.

हातचेन एकट्याने ओढायची असते. दोघांना लटकावं लागत असेल तर वजन जास्त आहे किंवा पुली अडकली आहे.

वायर रोप (तारेचा दोर) दुमडून आवळणाऱ्या क्लॅम्पचा यू-बोल्ट नेहमी दोराच्या मोकळ्या शेपटावर, खोगीर म्हणजे क्लॅम्पचा बसका तुकडा वजन घेणाऱ्या दोरावर. उलटं लावलंत तर दोर चेचला जातो.

तोंड फाकलेला हुक ठोकून सरळ करू नका, बदला.

हे सगळं साहित्य वर्षातून एकदा तरी सक्षम माणसाकडून तपासून घ्या; १९४८ च्या कारखाना कायद्यातही (२०२५ पर्यंत लागू) तसा नियम होता. मी हुक आणि बेल्ट रोज सकाळी स्वतः पाहतो.

आणि जॅकवर उचललेल्या मशीनखाली लाकडी गुटके ठेवल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.